वाट कुणाच्या बापाची नाही

तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात जा, आपल्या गावाचा नकाशा मागून घ्या आणि जमिनीवर पसरा. त्यावर तुटक रेघा दिसतील. एकेरी तुटक रेघ ही पायवाट, दुहेरी तुटक रेघ ही गाडीवाट. आता तो नकाशा घेऊन शिवारात उभे राहा. गाडीवाटेच्या जागी ऊस उभा आहे. पायवाटेच्या जागी काटेरी तार, लोखंडी फाटक आणि ‘खासगी मालमत्ता, प्रवेश बंद’ अशी पाटी. नकाशावरची वाट जमिनीवरून गेली कुठे? ती कुणीतरी खाल्ली. आणि बाकीच्या गावानं ती खाऊ दिली.

आजचं सदर या दोघांसाठी आहे. खाणाऱ्यांसाठी आणि खाऊ देणाऱ्यांसाठी.

साखळी एकच

वाटेला रुंदी असते, हे आपण विसरलो आहोत. महसूल खात्याच्या हिशेबात पायवाट ८.२५ फुटांची आणि गाडीवाट १६.५ ते २१ फुटांची. हे आकडे कुणी मनानं ठरवलेले नाहीत. जुन्या मोजणीची साखळी ३३ फुटांची, सोळा आण्यांची. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा. त्याच साखळीचा पाव हिस्सा पायवाटेला आणि निदान अर्धा हिस्सा गाडीवाटेला दिलेला आहे.

याचा अर्थ सरळ आहे. ज्या साखळीनं तुमच्या वावराचा गुंठा मोजला, तिनंच वाटही मोजली. विंगेट आणि गोल्डस्मिड या इंग्रज अधिकाऱ्यांनी १८३०च्या दशकात इंदापूर तालुक्यात जमीन पाहणीची जी पद्धत बसवली, तिच्यावर पुढे मुंबई इलाख्यातल्या गावांची मोजणी झाली. इंग्रजांना हवा होता तो सारा, वाटांचं त्यांना प्रेम नव्हतं. पण त्यांच्या मोजणीदारांना बैलगाड्यांच्या चाकोऱ्या आणि माणसांच्या पायवाटा कागदावर घ्याव्याच लागल्या, कारण त्या तिथं होत्या. मालकीचा पुरावा म्हणून नकाशा दाखवायचा आणि वाटेचा विषय निघाला की तोच नकाशा जुना झाला म्हणायचं, असं चालणार नाही. गुंठा मान्य असेल तर वाटही मान्य करावी लागेल.

कायदा झोपलेला नाही

पुष्कळांना वाटतं की वाट म्हणजे शेजाऱ्याची मेहेरबानी. त्यानं जाऊ दिलं तर जायचं, नाही तर तीन किलोमीटरचा वळसा घालायचा. हा समज अडवणाऱ्याच्या सोयीचा आहे, म्हणून तो टिकवला जातो.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६. तिचं कलम २० सांगतं की ज्या सार्वजनिक रस्त्यांवर, गल्ल्यांवर आणि वाटांवर दुसऱ्या कुणाची मालकी सिद्ध होत नाही, ते राज्य शासनाचे. म्हणजे तुमचे आणि माझे. पुढचं कलम २१ तर प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहून ठेवायला हवं. सार्वजनिक वाटेची आता गरज उरली नाही असं वाटलं, तर जिल्हाधिकाऱ्यालासुद्धा ती परस्पर बंद करता येत नाही. जाहीर नोटीस काढावी लागते, हरकती ऐकाव्या लागतात. जिल्ह्याच्या सर्वोच्च महसुली अधिकाऱ्याला जे करता येत नाही, ते शेजारच्या गटातला माणूस जेसीबी लावून एका रात्रीत करतो, आणि गाव सकाळी उठून दुसऱ्या बाजूनं जायला लागतं.

नकाशात वाटच नाही आणि शेतात जायला रस्ता हवा, तर त्याच संहितेचं कलम १४३ आहे. लगतच्या बांधांवरून जाण्याचा हक्क मागता येतो आणि तहसीलदाराला चौकशी करून निर्णय द्यावा लागतो. असलेली वहिवाटीची वाट कुणी अडवली, तर त्याहून जुनं हत्यार आहे. मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६. त्याच्या कलम ५ खाली तहसीलदार अडथळा काढायला लावू शकतो आणि पुन्हा अडथळा करू नये असा मनाई हुकूमही देऊ शकतो. या निर्णयावर अपील नाही, फक्त फेरतपासणी आहे. हा कायदा शंभराहून अधिक वर्षं आपल्या हाताशी आहे.

आणखी एक गोष्ट, जी फार थोड्यांना ठाऊक आहे. संहितेच्या कलम १६५ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यानं प्रत्येक गावातल्या रूढी लिहून ठेवायच्या आहेत. खासगी जमिनीतून पाणी नेण्याचा, जाण्यायेण्याचा, मासे धरण्याचा हक्क कुणाला आणि कसा आहे, याची ती नोंद. तिचं नाव वाजिब-उल-अर्ज. तलाठ्याकडे, म्हणजे आजच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, जा आणि आमच्या गावचा वाजिब-उल-अर्ज दाखवा म्हणा. दाखवला तर वाचून घ्या, त्यात आपली वाट आहे का ते पाहा. नाही दाखवला, तर तो तयार करा म्हणून ग्रामसभेचा ठराव करा. कायद्यात ‘करील’ असं लिहिलं आहे, ‘जमल्यास करील’ असं लिहिलेलं नाही.

सहा महिन्यांचा घात

मग एवढे कायदे असताना वाटा जातात कशा? भिडेपोटी.

१९०६च्या कायद्यात एक मुदत आहे. वाट अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करावा लागतो. आणि आपल्या गावातला पहिला सहा महिन्यांचा काळ कसा जातो ते सगळ्यांना माहीत आहे. पहिला महिना समजावण्यात. दुसरा भाऊबंदांच्या बैठकीत. तिसऱ्यात लग्नसराई. चौथ्यात पेरणी. पाचव्यात सरपंच म्हणतात, निवडणूक होऊ द्या, मग बसू. सहावा संपतो आणि अडवणारा निवांत होतो, कारण आता दिवाणी न्यायालय उरलं, आणि तिथं तारखा मोजताना पुढची पिढी कर्ती होते.

शेजारधर्म ही मोठी गोष्ट आहे. पण शेजारधर्म पाळायची जबाबदारी एकट्या अडलेल्यावर नसते. चर्चा करा, जरूर करा, पण अर्ज देऊन करा. अडथळ्याचे तारखेसह फोटो काढा. गाव नकाशाची प्रत आणि सातबारा जोडा. त्या वाटेनं वर्षानुवर्षं गेलेल्या म्हाताऱ्या माणसांचे जबाब घ्या. ज्यांना आठवतं की या वाटेनं वऱ्हाड गेलं, पालखी गेली, ऊस गेला, मयत गेलं, त्यांची आठवण हाच पुरावा आहे आणि ती माणसं कायम राहणार नाहीत. गावचा इतिहास लिहायचा तर राजेरजवाड्यांच्या वंशावळीआधी या जबाबांपासून लिहायला घ्या.

अडते कोण?

बागायतदाराला वाट अडली तर तो ट्रॅक्टर दुसरीकडून घालतो किंवा वाट विकत घेतो. अडतो तो अर्ध्या एकरवाला. ऊस तोडणीला आला आणि गाडी आत जात नाही, तेव्हा तो मोळ्या डोक्यावरून बांधापर्यंत आणतो आणि त्याची मजुरी स्वतःच्या खिशातून भरतो. अडते ती शाळकरी मुलगी, जिचा शाळेचा रस्ता वळसा पडून एवढा लांबतो की दहावीनंतर घरचे म्हणतात, बस झालं. अडते ती डोंगरावरची वाडी, जिथून बाळंतिणीला आजही झोळीत घालून खाली आणावं लागतं. अडते ती वस्ती, जिच्या स्मशानाची वाट कुणाच्या तरी वावरातून जाते आणि दर मयताला हात जोडावे लागतात.

म्हणून वाटेचा प्रश्न हा दोन शेतकऱ्यांमधला बांधाचा तंटा आहे असं म्हणून हात झटकू नका. वाट कुणाला मिळते आणि कुणाला नाकारली जाते, यावरून गावातली सत्ता कुणाकडे आहे ते कळतं.

महाडनं काय शिकवलं

या महाराष्ट्राला हे नव्यानं सांगायची वेळ यावी, याचं दुःख होतं. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळानं सी. के. बोले यांचा ठराव संमत केला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांनाही खुल्या. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेनं त्याला अनुसरून चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागद दोन झाले. पाण्याला मात्र कुणाला हात लावता येईना.

तो हक्क खरा झाला २० मार्च १९२७ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागोमाग हजारो माणसं महाडच्या रस्त्यावरून चालत तळ्यापर्यंत गेली तेव्हा. त्यानंतर त्यांच्यावर हल्ला झाला. विरोधकांनी न्यायालयात जाऊन तळं खासगी असल्याचा दावा केला, अस्पृश्यांना वगळण्याची रूढी अनादी काळापासून असल्याचं सांगितलं. दहा वर्षं खटला चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयानं निकाल दिला की अशी अनादी रूढी सिद्ध झालेली नाही.

या लढ्याचा मोठेपणा माणुसकीच्या हक्काचा आहे, आणि शिवाराच्या वाटेशी त्याची बरोबरी करायचा माझा हेतू नाही. पण सार्वजनिक हक्क कसा मिळतो याचं याहून स्पष्ट उदाहरण आपल्याकडे नाही. ठराव झाला म्हणून तळं खुलं झालं नाही. माणसं चालत गेली, मार खाल्ला, कोर्टात उभी राहिली, पुरावे दिले, तेव्हा झालं. जो हक्क वापरला जात नाही, तो हक्क कागदासोबत कपाटात पिवळा पडतो.

डोंगर विकत घेता येतो का?

आता सह्याद्रीकडे वळू. मुळशी, मावळ, कर्जत, मुरबाड. डोंगरउतारावर प्लॉट पडले, शहरातला पैसा आला, कुंपणं आली. जमीन विकत घेणं गुन्हा नाही. घर बांधणंही नाही. पण जमिनीबरोबर तिच्यातून जाणारी वाट विकत मिळत नाही. देवराईकडे जाणारी, ओढ्यावर उतरणारी, वरच्या वाडीला खालच्या बाजाराशी जोडणारी वाट विकणाऱ्याची नव्हतीच, तर ती घेणाऱ्याची कशी होईल?

या वाटांचं वय लक्षात घ्या. जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटाच्या तोंडाशी सातवाहनांची लेणी आहे, नागनिका राणीचा ब्राह्मी शिलालेख आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. जवळच दगडी रांजण आहे, जकातीचा म्हणून लोक तो दाखवतात. लोणावळ्याजवळच्या कुरवंड्याच्या वाटेनं उतरलेल्या कारतलबखानाच्या फौजेला शिवाजी महाराजांनी २ फेब्रुवारी १६६१ रोजी उंबरखिंडीत कोंडलं. ही लढाई जिंकली ती वाटांच्या माहितीवर. कोणती वाट कुठं अरुंद होते, कुठं पाणी नाही, कुठून मागे फिरता येत नाही, हे मावळातल्या माणसांच्या पायांना ठाऊक होतं. स्वराज्याचा अभिमान सांगायचा आणि ज्या वाटांनी ते उभं केलं त्या फाटकांमागे जाऊ द्यायच्या, हे एकत्र बसत नाही.

आणि या वाटांचा इतिहास वाचायचा तर पायांनीच वाचावा लागतो. दामोदर धर्मानंद कोसंबी गणिताचे प्राध्यापक. ते पुण्याच्या आसपासचे माळ आणि टेकड्या पायी तुडवत फिरले, सूक्ष्म अश्मास्त्रं वेचली, गावाबाहेरच्या शेंदूर फासलेल्या देवींची ठाणी पाहिली, मेंढपाळांशी आणि देवीच्या भक्तांशी बोलले. त्या ठाण्यांचा आणि जुन्या वाटांच्या तिठ्यांचा संबंध त्यांनी दाखवून दिला. १९६२ च्या त्यांच्या ‘मिथ अँड रिॲलिटी’ या ग्रंथात हे सगळं आहे. ते ज्या माळावर फिरले तिथं तेव्हा तार असती, तर त्यातलं बरंच लिहिलं गेलं नसतं. वाट बंद होते तेव्हा इतिहासाचं एक साधन बंद होतं.

मनाई सोपी, पाटी अवघड

पावसाळा लागला की आदेश निघतात. धबधब्यावर जाऊ नका, गडावर जाऊ नका, धरणाकाठी थांबू नका. पूर्वी कलम १४४ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३ आहे.

धोका खोटा नाही. जून २०२४ मध्ये भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली माणसं वाहून गेली. १५ जून २०२५ रोजी कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळून चार जणांचा जीव गेला. तो पूल धोकादायक असल्याचं आधीच ठरलेलं होतं. अशा वेळी काही दिवस, काही जागा बंद करणं योग्यच आहे.

पण वर्षानुवर्षं फक्त मनाईच का? धोक्याच्या जागी कायमचा कठडा का नाही? कुठवर जावं आणि कुठून परतावं हे सांगणारी पाटी का नाही? डोंगराखालच्या वाडीतल्या तरुणांना वाटाड्याचं प्रशिक्षण आणि मानधन का नाही? दरीत कुणी पडलं की शासनाला आठवतात ते आसपासचे गिर्यारोहक स्वयंसेवक, जे रात्री दोर घेऊन उतरतात. त्यांना वर्षभर कोण विचारतं? सरसकट मनाई हा काम न करण्याचा मार्ग आहे. तिनं बेफिकीर माणूस थांबत नाही. थांबतो तो शिस्तीनं चालणारा, आणि बुडतो तो वाडीतला चहा-पिठल्याचा धंदा.

मँचेस्टरच्या गिरणगावातून

अमेरिकेतल्या यादवीत कापूस थांबला तेव्हा ज्या गिरण्यांसाठी आपल्याकडचा कापूस जहाजांनी गेला, त्या लँकेशायर-मँचेस्टरच्या कामगारांनी वाटांसाठी दिलेल्या लढ्याची गोष्ट इथं सांगायलाच हवी.

त्या गिरण्यांच्या धुराबाहेर डोंगर आणि माळरानं होती. रविवारी तिथं फिरायला जायचं तर जमीनदारांचे रखवालदार आडवे येत, कारण ती रानं ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखलेली. ६ सप्टेंबर १८९६ रोजी बोल्टन शहराजवळच्या विंटर हिलवर हजारो माणसं चालून गेली, कारण एन्सवर्थ नावाच्या जमीनदारानं जुनी वाट बंद केली होती. कोर्टात लोक हरले. बरोबर शंभर वर्षांनी, १९९६ मध्ये, ती वाट अधिकृतपणे सार्वजनिक झाली.

२४ एप्रिल १९३२ रोजी हेफील्ड गावातून काहीशे तरुण किंडर स्काउट या पठारावर मुद्दाम चढून गेले. पुढारी होता बेनी रॉथमन, वय वीस. रखवालदारांशी झटापट झाली. सहा जणांना पकडलं, पाच जणांना दोन ते सहा महिन्यांची कैद झाली, रॉथमनला चार महिन्यांची. आरोप होता दंग्याचा, कारण दुसऱ्याच्या रानात नुसतं चालणं तेव्हाही फौजदारी गुन्हा नव्हता. शिक्षा इतकी कठोर झाली की तोवर गप्प असलेलेही बोलू लागले. १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा आणि प्रवेशाचा कायदा आला, त्यात प्रत्येक सार्वजनिक पायवाटेचा अधिकृत नकाशा करण्याची सक्ती आली. १९५१ मध्ये किंडर स्काउटचाच मुलूख ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झाला. २००० च्या कायद्यानं इंग्लंड-वेल्समधले डोंगर, माळ आणि नोंदलेली गायरानं पायी फिरायला खुली केली. २००२ मध्ये, त्या रानाच्या तेव्हाच्या मालकाचे नातू, डेव्हनशायरचे ड्यूक, हेफील्डला आले आणि आजोबांच्या कृत्याबद्दल त्यांनी जाहीर माफी मागितली.

ही गोष्ट इथं संपत नाही. २०२० मध्ये रॅम्बलर्स या पायी फिरणाऱ्यांच्या संघटनेच्या स्वयंसेवकांनी जुने आणि नवे नकाशे शेजारी ठेवून तपासले, आणि इंग्लंड-वेल्समध्ये नोंदीतून सुटलेल्या ४९,००० मैलांहून अधिक वाटा शोधून काढल्या. सामान्य माणसांनी, घरी बसून, नकाशावर बोट फिरवत. आपल्याकडचं काम नेमकं हेच आहे. जुना सर्व्हे नंबरांचा नकाशा आणि एकत्रीकरणानंतरचा गट नकाशा शेजारी ठेवा. पहिल्यावर आहे आणि दुसऱ्यावर नाही, अशी प्रत्येक रेघ लिहून काढा. एका गावाला एक रविवार पुरे. कॉलेजांच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत दरवर्षी तेच झाड त्याच खड्ड्यात लावण्यापेक्षा हे काम द्या.

मेंढरांची वाट, महामार्गाची भिंत

धनगर दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरतात आणि पावसाच्या तोंडावर परत देशावर येतात. ही फिरती शतकांची आहे. तिच्या वाटा कुणाच्याही सातबारावर नाहीत, म्हणून त्या पहिल्यांदा मरतात. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३ मध्ये भटक्या आणि पशुपालक समाजांच्या मोसमी वापराचा हक्क शब्दांत लिहिलेला आहे. किती तालुक्यांत त्यासाठी नकाशे करून दावे भरले गेले, हे प्रत्येक लोकप्रतिनिधीला विचारा.

दुसरीकडे महामार्ग. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गासारखा तोही पायी चालणाऱ्याला बंद, आणि वेगाच्या रस्त्यावर ते बरोबरच आहे. पण असा प्रत्येक रस्ता शेकडो जुन्या वाटा आडव्या कापतो. भुयारी मार्ग कुठं आणि किती, हे मोजणीच्या वेळी ठरतं, नंतर रडून मिळत नाही. आळंदी-पंढरपूर पालखी मार्गाचं रुंदीकरण करताना वारकऱ्यांसाठी कडेनं चालायची स्वतंत्र वाट आखली गेली. लाखो माणसं चालतात हे डोळ्यांना दिसत होतं म्हणून ती आखावी लागली. त्या बाजूच्या वाडीतून शाळेत जाणारी पाच पोरंही चालणारीच आहेत. त्यांचाही हिशेब धरा.

चालणाऱ्यांनाही दोन शब्द

शेतकऱ्याची बाजू न ऐकता हे सदर संपवणं अन्याय होईल. शनिवार-रविवारी शहरातून गाड्या भरून येणारे, बांध तुडवणारे, भाताच्या खाचरात उतरून फोटो काढणारे, बाटल्या फोडून जाणारे, फाटक उघडं टाकून जनावरं पिकात सोडणारे लोक हेही वाट बंद होण्याचं कारण आहेत. त्यांच्यामुळे साध्या माणसानं तार लावली, तर मी त्याला दोष देणार नाही. वाटेचा हक्क वाटेपुरता आहे. उभ्या पिकातून जायचा, विहिरीत उतरायचा, आंबे पाडायचा तो हक्क नाही. वाटेवरून चाला, फाटक लावा, आवाज कमी ठेवा, कचरा परत न्या, वाडीत चार पैसे खर्च करा, म्हाताऱ्या माणसाशी बोला. एवढं केलं तर गाव स्वतः वाट दाखवायला पुढं येतं.

आणि गुंठ्या-दोन गुंठ्यांसाठी वाट अडवणाऱ्या शेतकरी बंधूंना एकच सांगणं. आज तुम्ही शेजाऱ्याला अडवलं. उद्या तुमच्या मुलांत वाटणी होईल आणि मागचा तुकडा ज्याच्या वाट्याला येईल, त्याला तुमचाच दुसरा मुलगा अडवील. तेव्हा तो कुणाचा दाखला देईल?

या महिन्यात करायचं काम

सरकारनं काही पावलं टाकली आहेत, ती नोंदवली पाहिजेत. मातोश्री ग्रामसमृद्धी शेत व पाणंद रस्ते योजना नोव्हेंबर २०२१ मध्ये आली, तिच्यामुळे रोजगार हमीतून पाणंद पक्की करता येऊ लागली. २०२५ मध्ये महसूल विभागानं शेतरस्त्यांची नोंद सातबाराच्या ‘इतर हक्क’ रकान्यात घ्यायचा निर्णय केला. हा निर्णय चांगला आहे. पण नोंद आपोआप होत नाही. अर्ज करावा लागतो, आणि अर्ज करायला आधी वाट कुठं होती ते ठाऊक असावं लागतं.

म्हणून वाचकहो, ही विनंती आहे आणि ती कळकळीची आहे. गावात राहत असाल तर या महिन्यात गाव नकाशाची प्रत काढा. शहरात असाल तर गावाकडच्या भावाला पैसे पाठवून काढायला सांगा. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला सोबत घ्या आणि नकाशावरची प्रत्येक तुटक रेघ पायी चालून पाहा. जी मोकळी आहे तिथं चालत राहा, मुलांना चालवा. जी अडवली आहे तिची तारीख लिहा आणि सहा महिने संपायच्या आत तहसीलदाराच्या टेबलावर अर्ज ठेवा. येत्या ग्रामसभेत वाजिब-उल-अर्जाचा ठराव मांडा, अनुमोदन मिळेपर्यंत बसू नका, आणि ठरावाची प्रत घेतल्याशिवाय घरी जाऊ नका.